ऐल्साचं पान

"हा पक्षी थांबवता येईल का?" वॉरिक टिम्सने विचारलं.

"कुठला?"

"उजवीकडचा. डावीकडचा कसा नीट उडतोय बघ. हा नुसता थरथरतोय. ताप भरल्यासारखा."

जॅनिनने कपाळावर चढवलेला चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पडद्यावर निळ्या लाटांची पार्श्वभूमी होती, तिच्यावर पांढरी अक्षरं. वरच्या दोन कोपऱ्यांत पंख हलवणारे दोन समुद्रपक्षी, मधे शिंपल्यांची झालर, आणि खाली 'नुकतंच बदललंय' अशी उघडझाप करणारी पाटी.

"मी एक सांगू का, वॉरिक? दोन्ही पक्षी काढून टाक."

"का?"

"डोळे त्यांच्याकडेच जातात. लिहिलेलं राहतं बाजूला."

"ओकंबोकं दिसेल मग."

पलीकडच्या कॉम्प्युटरवर आपल्या गुलाबांचं पान करत बसलेला गॉर्डन खुर्चीतच वळला. "ओकंबोकं? अरे बाबा, तुझं पान उघडायला लावतो आणि मी चहाचं आधण ठेवतो. चहा पिऊन होतो, कप विसळून होतो, तरी तुझ्या लाटा अजून वाटेतच!"

"तुझे गुलाब तरी कुठे भराभर उमलतात?"

वाचनालयाच्या मागच्या खोलीत हसू उसळलं. दर गुरुवारी दुपारी वाइनयार्ड गावातली पाच-सहा म्हातारी मंडळी तिथे जमायची आणि जॅनिन त्यांना इंटरनेटवर स्वतःचं पान कसं करायचं ते शिकवायची. वॉरिक त्यांतला सगळ्यांत तरुण. साठी अजून यायची होती. सकाळी शाळेची बस, मग संध्याकाळी शाळेची बस, मधला वेळ मोकळा. बसच्या गणवेशातच यायचा, अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे.

"तिथे कुणीतरी राहतंय असं वाटायला पाहिजे," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "बाकी काही नाही."

जॅनिनने चष्मा परत कपाळावर चढवला. ते पान वॉरिकचं नव्हतं. त्याच्या बायकोचं होतं, आणि ती जुलैमध्ये गेली होती.

ऐल्सा टिम्सने उभा जन्म बर्नी गावच्या हॉस्पिटलात चादरी धुण्यात घालवला. गुडघे बोलायला लागले तेव्हा नोकरी सोडली आणि रोज सकाळी समुद्रावर जायला लागली. भरतीने रात्रीत काय काय आणून टाकलंय ते बघायचं, हातात घ्यायचं, परत ठेवायचं, असा तिचा शिरस्ता. जॅनिनच्या पहिल्याच वर्गात तिने एक पान करून घेतलं. त्यावर ती चार-पाच ओळी लिहायची. आज किनाऱ्यावर काय मिळालं, एवढंच. वॉरिकला ती काहीतरी लिहिते हे माहीत होतं, जसं तिला रविवारी चर्चमध्ये गायला आवडतं हे माहीत होतं. "कोण वाचतं ते?" असं त्याने एकदा विचारलं होतं. "आहेत एक-दोघं," ती म्हणाली होती, आणि बटाटे सोलत राहिली होती.

गेली ती कपडे वाळत घालताना. तो तेव्हा मुलांनी भरलेली बस घेऊन बोट हार्बरच्या वळणावर होता. डोक्यातली एक नस फुटली, तिला काही कळलंसुद्धा नसेल, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगत असावेत, असं वॉरिकला वाटलं. शेजारणीने वाळलेले कपडे काढून, घड्या घालून, टोपलीत ठेवले होते. ती टोपली कितीतरी दिवस त्याने उचलली नाही.

पुढे एकदा जॅनिनने त्याला बेकरीपाशी गाठलं. "ते ऐल्साचं पान अजून तसंच आहे," ती चाचरत म्हणाली. "राहू दे, का बंद करू?"

"मला बघू दे तरी एकदा," तो म्हणाला.

वाचनालयात तिने ते उघडून दिलं आणि ती बाहेर गेली. पांढरं पान, काळी अक्षरं. एकही चित्र नाही. ते पाहून त्याला हॉस्पिटलात तिच्या अंगावर गळ्यापर्यंत ओढलेली चादर आठवली. मग त्याने वाचायला सुरुवात केली. सगळ्यांत वरचा मजकूर शेवटचा होता:

'पश्चिमेचा वारा आज पडलाय. भरतीच्या रेषेवर लहान मुलाचा एकच बूट. आत वाळू बसून चांगला जड झालाय. उचलला तेव्हा त्यातून पाणी गळत राहिलं, टप टप, पुष्कळ वेळ. दुसरा सापडतो का, उद्या बघू.'

आणि पानाच्या तळाशी नाव: ऐल्सा.

'उद्या बघू' हे शब्द त्याच्या डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडून तो बस घेऊन थेट समुद्राकडे गेला. इतकी वर्षं या गावात राहून किनाऱ्याने असा तो कधी चालला नव्हता. बूट सापडला नाही. माकुळ माशाचं एक पांढरंशुभ्र हाड मिळालं. ते त्याने शर्टाच्या खिशात घातलं, वाचनालयात आला, जॅनिनला विचारून विचारून तिच्या मजकुराच्या वर दोन ओळी टंकल्या. 'बूट मिळाला नाही. माकुळाचं हाड मिळालं, पांढरं, तळहाताएवढं.' नाव लिहिलं नाही. लिहायचं कारणच नव्हतं. तळाशी नाव होतंच.

तो इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण पानाला पाहुण्यांची वही होती. वाचणाऱ्याने काही लिहिलं तर ते तिथे दिसायचं. आठवड्याभराने तिथे मजकूर आला:

'कुठे होतीस तू ऐल्सा? इतके दिवस काही नाही, मी घाबरले होते. बरी आहेस ना? – नाइरी, ब्लफ.'

ब्लफ म्हणजे समुद्रापलीकडचं, न्यूझीलंडच्या टोकाचं बंदर. ही नाइरी ऐल्साच्या प्रत्येक मजकुराखाली काही ना काही लिहायची हे त्याने मागे जाऊन पाहिलं. 'ऐल्सा वारली' असे दोन शब्द लिहायचे होते. त्याची बोटं त्या अक्षरांपर्यंत जाऊन परत आली. शेवटी त्याने लिहिलं, 'जरा बरं नव्हतं. आता ठीक आहे.' आणि खाली फक्त 'ऐ.'

पूर्ण नाव लिहिलं नाही, म्हणजे खोटं बोललो नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती काही फार दिवस टिकली नाही. पण नाइरीचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. 'हुश्श! आता मला झोप लागेल.' कुणालातरी झोप लागेल, हे त्याला बरं वाटलं. त्याला स्वतःला लागत नव्हती.

तेव्हापासून ते पांढरं पान त्याला बघवेना. तो गुरुवारच्या वर्गात जाऊन बसला. आधी निळा रंग घातला, मग लाटा. शाळेतल्या बाईंकडून कॅमेरा मागून आणून किनाऱ्याचे फोटो काढले. ऐल्साने जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत दाबून ठेवलेलं समुद्रशेवाळ घरात होतं. जॅनिनने त्याची चित्रं कॉम्प्युटरवर घेतली आणि ती पानाच्या दोन्ही कडांनी पडद्यांसारखी सोडली.

"तिने मला एकही चित्र घालू दिलं नव्हतं, माहितीये?" जॅनिन एकदा म्हणाली. "मी किती मागे लागले. नकोच म्हणायची. असंच राहू दे म्हणायची."

"तिला जमलं नसेल," वॉरिक म्हणाला. "कबूल करायला लाजली असेल."

मग संगीत आलं. पान उघडलं की पेटीवर वाजवल्यासारखी एक कोळ्यांची जुनी चाल सुरू व्हायची आणि बंदच व्हायची नाही. नाइरीने लिहिलं, 'ते काय वाजतंय गं? त्याच्यापुढे मला तुझं काही कळत नाही. बंद कर ना.' वॉरिकने विचार केला, चाल आवडली नसेल. त्याने दुसरी लावली, जरा हळुवार.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट होत होती, आणि ती तो कुणाला सांगत नव्हता. लिहिणं त्याचं काम नव्हे. हवा वाईट असली तर तो 'हवा वाईट' एवढंच लिहायचा. पण एका गुरुवारी पान उघडलं आणि त्याने लिहिलेल्या मजकुरात त्याला एक वाक्य दिसलं: 'समुद्र आज नुसता कुरकुरतोय, दात येत असलेल्या पोरासारखा.' हे आपण कधी लिहिलं ते त्याला काही केल्या आठवेना. कुरकुरणं हा ऐल्साचा शब्द. बस कुरकुरते, गुडघा कुरकुरतो, बेव कुरकुरते. त्याने ते वाक्य तसंच ठेवलं आणि घरी गेल्यावर स्वयंपाकघरात दिवा लावायच्या आधी दारातच जरा थांबला, कुणी आत असलं तर त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

बेव ही ऐल्साची धाकटी बहीण. नगरपालिकेत कामाला. तिने त्याला दोनदा सांगितलं होतं, "फोनच्या निरोप घेणाऱ्या मशीनवरचा ताईचा आवाज पुसून टाक. मी फोन करते आणि ती बोलते. मला मग दिवसभर काही सुचत नाही." तो हो म्हणाला होता. पुसला मात्र नाही. एका रविवारी दुपारी गॉर्डनकडून टेपरेकॉर्डर आणून त्याने तो मशीनपुढे धरला, आणि पुढच्या गुरुवारी तो आवाज पानावर चढवला. संगीताच्या जागी. पान उघडलं की आपोआप सुरू व्हायचा:

"आम्ही घरात नाही. असलो तरी हात ओले आहेत. काय ते सांगून ठेवा, मी करते फोन."

मधे एक छोटा श्वास होता. 'ओले आहेत'च्या नंतर. आणि शेवटी ती हसते आहे असं वाटायचं, पण हसण्याच्या आतच मशीन बंद पडलेलं.

जॅनिनने तो ऐकला आणि ती पुस्तकं लावायला निघून गेली.

नंतरच्या गुरुवारी वॉरिक खिडकीपाशी बसून कॅमेऱ्यातले फोटो निवडत होता. खोलीत नेहमीची कुजबुज चालू होती. अचानक त्याच्या पाठीमागून ऐल्सा म्हणाली, "आम्ही घरात नाही."

"आलो गं," वॉरिक म्हणाला, आणि उठून उभा राहिला.

गॉर्डन आपल्या कॉम्प्युटरपुढे पांढराफटक पडून बसला होता. त्याच्या पडद्यावर निळ्या लाटा होत्या. "मी... मी नुसतं बघत होतो रे," तो म्हणाला. "माझ्या पानावरून तुझ्या पानावर जाता येतं का ते बघत होतो." वॉरिक तसाच उभा. "काय ते सांगून ठेवा," ऐल्साने वाक्य पूर्ण केलं, "मी करते फोन." मग वॉरिक खाली बसला आणि फोटो निवडायला लागला. त्या दिवशी गॉर्डनने थट्टा केली नाही.

बेवला दुसऱ्याच दिवशी कळलं. तिच्या कचेरीतल्या कुणीतरी कौतुकाने पान उघडून दाखवलं. ती तडक बस डेपोवर आली. वॉरिक बस धूत होता.

"पाणी बंद कर," ती म्हणाली.

त्याने नळी बंद केली.

"मी सगळ्यांसमोर, माझ्या टेबलाशी बसलेले असताना, माझी मेलेली बहीण बोलली! काय केलंयस काय तू हे?"

"तिचंच पान आहे, बेव."

"तिचं? तिने लिहिलेलं खाली गेलंय, तळाला. वर सगळं तुझं. पक्षी काय, लाटा काय! आणि लोक तिला विचारतायत, ऐल्सा कशी आहेस, आणि तू सांगतोयस, मी बरी आहे! वाचलं मी सगळं. मेलेल्या माणसाला असं दारात उभं करून ठेवतात का, वॉरिक? आत येऊ देत नाहीस, जाऊ देत नाहीस."

वॉरिकने बसच्या काचेवरून ओघळणारा साबण हाताने पुसला. "ती गेली तेव्हा मी बोट हार्बरला होतो," तो म्हणाला.

"माहितीये मला. त्यावर कुणी काही म्हटलंय का तुला?" बेवचा आवाज जरा उतरला. "पण मी तरी कुठे होते? फायली लावत होते. म्हणून मी तिला डब्यात कोंडून ठेवलं का?" तिचे डोळे भरून आले तशी ती वळली. "काढून टाक ते. नाहीतर माझ्याशी बोलू नकोस."

त्याने काढलं नाही. काढायलाच म्हणून तो सोमवारी वाचनालयात गेला होता. पण पाहुण्यांच्या वहीत नाइरीचा मजकूर येऊन पडला होता.

'ऐल्सा! तुझा आवाज! मी किती वेळा ऐकला सांगू? मला वाटायचं तुझा आवाज जाड असेल. तू तर पोरीसारखी बोलतेस. आणि ऐक, नोव्हेंबरात माझी भाची मैत्रिणीच्या लग्नाला तुमच्याकडच्या लॉन्सेस्टनला येतेय. मी तिच्या मागे लागून माझंही तिकीट काढायला लावलंय. एक दुपार तुझ्याकडे. नाही म्हणू नकोस.'

वॉरिकने उत्तर लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं. 'येऊ नका' असं लिहिलं, तेही पुसलं. खरं लिहायचं तर इतक्या दिवसांचं सगळंच लिहावं लागलं असतं. शेवटी त्याने पत्ता लिहिला. समोर आली की सांगू, तोंडाने सांगणं सोपं असतं, असं तो स्वतःशी म्हणत राहिला. तोंडाने त्याने आजवर कुणाला काय सांगितलं होतं, हे त्याचं त्यालाच माहीत होतं.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी त्याने घर झाडलं. बेकरीतून खोबरं लावलेले लॅमिंग्टन केक आणले. मग तो खिडकीशी उभा राहिला. गाडी थांबली. एक तरुण मुलगी उतरली, तिने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, आणि एक ठेंगणी, रुंद खांद्यांची म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात पांढरी काठी होती. काठी तिने फाटकाला टेकवली, मग वाटेच्या कडेला, मग पायरीला.

ऐल्साच्या पानाची वाचक आंधळी होती.

"मी गाडीतच आहे, मावशी," भाची दारातून म्हणाली. "निवांत बोला तुम्ही दोघी."

"तुम्ही वॉरिक," नाइरी त्याच्या दिशेने हात पुढे करत म्हणाली. "बस चालवता. पावाच्या कडा खात नाही."

"हो."

"मला सगळं माहीत आहे तुमच्याबद्दल." ती खुशीत हसली. कोट काढून तिने त्याच्या हातात दिला आणि पिशवीतून लोकरीच्या मोज्यांची एक जोडी काढली, जाडजूड, हाताने विणलेली. "तिचे पाय गार पडतात ना किनाऱ्यावर. कुठे आहे ती? ऐल्सा!" तिने घराच्या आत हाक मारली.

वॉरिकने तोंड उघडलं. त्याच वेळी आतल्या बोळातला फोन वाजला. तो कोट हातात धरून जागच्या जागी उभा राहिला. फोन वाजत राहिला, थांबला, आणि मशीन सुरू झालं.

"आम्ही घरात नाही," ऐल्सा म्हणाली.

नाइरीचा चेहरा उजळला. ती आवाजाकडे वळली, दोन्ही हात पुढे झाले.

"असलो तरी हात ओले आहेत."

मग तो छोटा श्वास आला. नाइरीचे हात हवेत थांबले. 'काय ते सांगून ठेवा' होईपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचा उजेड पार ओसरला होता. दाताच्या डॉक्टरांच्या बाईने वॉरिकची तारीख बदलल्याचा निरोप सांगितला. मशीन खट्‌कन बंद झालं.

"हे तर तेच आहे," नाइरी म्हणाली. "जसंच्या तसं. श्वाससुद्धा."

"ती नाही," वॉरिक म्हणाला. "जुलैत गेली. मी लिहीत होतो."

नाइरीने काठीने खुर्ची शोधली आणि ती बसली. मोजे तिच्या मांडीवर होते.

"मला संशय आला होता," ती म्हणाली. "ऑगस्टमध्येच. माझ्याकडे मशीन आहे, ते पान वाचून दाखवतं. अमेरिकन बाप्याच्या आवाजात. दोन वर्षं माझ्यासाठी ऐल्सा म्हणजे सर्दी झालेला अमेरिकन बाप्या होता!" ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. "तिने मला कधी रंग सांगितला नाही. एकदाही नाही. जड आहे, खरखरीत आहे, वास कसा येतो, पाणी कसं गळतं, हे सांगायची. मी तिला कधी असं लिही म्हटलं नव्हतं. मी आंधळी आहे एवढंच एकदा ईमेलने कळवलं होतं. आणि ऑगस्टात अचानक पांढरं हाड! निळी दोरी! हिरवी बाटली! मी म्हटलं, ही ती नव्हे. मग पानावर पेटी वाजायला लागली, आणि माझं मशीन ओरडतंय चित्र, चित्र, चित्र, पुढे काहीच नाही. दाराशी येऊन कुणी नुसतं उभं राहावं, बोलू नये, तसं."

"मला माहीत नव्हतं."

"मग तिचा आवाज आला. मी स्वतःला शिव्या दिल्या. म्हटलं, म्हातारे, उगाच शंका घेतेस, ही बघ आहे की जिवंत." तिने मोज्यांची घडी घातली, परत उलगडली. "नाहीतर मी आले नसते, वॉरिक. घरीच रडले असते."

त्याला तिच्यासमोर बसणं जमेना आणि उभं राहणंही जमेना. "चहा टाकू?" त्याने विचारलं.

"टाका. पण मला राग आलाय, हे लक्षात ठेवा. उतरेल. आज उतरायचा नाही."

त्यांनी चहा घेतला. लॅमिंग्टनचं खोबरं तिच्या मांडीवर सांडलं, ते तिने चिमटीने वेचून बशीत टाकलं. ऐल्सा कशी गेली ते तिने विचारलं आणि त्याने सांगितलं. कपडे, दोरी, बोट हार्बरचं वळण. वाळलेल्या कपड्यांची टोपली. हे सगळं सलग त्याने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं. निघताना तिने मोजे टेबलावर ठेवले.

"माझे पाय मोठे आहेत," वॉरिक म्हणाला.

"मग कुणाला तरी द्या. मी परत नेणार नाही." दारात ती थांबली. "आणि आधी सगळ्यांत वर लिहा. ती गेली म्हणून. माझं मशीन वरून वाचत येतं."

गाडी गेल्यावर त्याने मशीनमधली टेप काढली आणि चालत बेवकडे गेला. दारातच ती तिच्या हातात दिली. "पुसली नाही," तो म्हणाला. "तू ठेव. मला ठेवता येत नाही." बेवने टेप ॲप्रनच्या खिशात घातली आणि त्याला आत घेतलं. उशिरापर्यंत ती बोलत होती, ऐल्सा लहानपणी कशी होती ते. तो ऐकत होता.

गुरुवारी ती त्याच्याबरोबर वाचनालयात आली. सगळ्यांत वर वॉरिकने स्वतः लिहिलं, 'ऐल्सा टिम्स जुलै महिन्यात वारली. त्यानंतरचं तिने लिहिलेलं नाही, मी लिहिलं. – वॉरिक टिम्स, तिचा नवरा.' मग जॅनिनने एकेक करून लाटा, पक्षी, झालर, पाटी आणि आवाज काढला. खोलीतल्या मंडळींनी आपापल्या पडद्यांवर डोळे खिळवून ठेवले होते.

"फोटोसुद्धा सगळे?" जॅनिनने विचारलं.

"सगळे."

"एक घालायचाय," बेव म्हणाली. तिने पर्समधून एक फोटो काढला. वॉरिकने तो कधी पाहिला नव्हता. कुठल्यातरी सहलीचा असावा. वारा सुटलेला आणि ऐल्सा कुणाला तरी काही सांगत असलेली, मान वळवून. "एकच. तिचा एकही नाही तिथे."

वॉरिकने फोटो हातात घेऊन पाहिला. "घालू या," तो म्हणाला. "पण चित्र चित्र असं नुसतं ओरडायला नको. त्या मशीनला काही सांगता येतं का?"

"येतं की," जॅनिन म्हणाली. "चित्राच्या मागे शब्द लिहिता येतात. डोळस माणसाला ते दिसत नाहीत. मशीन मात्र वाचतं."

त्याने खुर्ची पुढे ओढली. 'ऐल्सा' असं लिहिलं आणि थांबला. गॉर्डनचा गुलाब उमलून झाला, चहा आला, तरी तो तसाच. मग एका बोटाने सावकाश लिहायला लागला. जॅनिनने मोठ्याने वाचलं, "'ऐल्सा. वारा जोराचा आहे. केस तोंडात गेलेत, तरी बोलणं थांबवत नाही. हसते आहे.'"

"हसत नाहीये ती," बेव म्हणाली. "उन्हाने डोळे बारीक केलेत."

"हसते आहे."

"तीस वर्षं संसार केलास आणि तुला एवढं कळत नाही?"

वॉरिकने फोटो डोळ्यांजवळ नेला. पुष्कळ वेळ पाहिला. मग शेवटचे दोन शब्द पुसले आणि लिहिलं, 'ऊन डोळ्यांवर येतंय.'

"आता बघू कसं दिसतं," जॅनिन म्हणाली आणि तिने पान नव्याने उघडलं. शब्द लगेच आले, पांढऱ्यावर काळे. चित्र मात्र टेलिफोनच्या तारेवरून वरून खाली पट्टीपट्टीने उतरायला लागलं. आधी नुसतं आभाळ. मग आभाळात उडालेले केस. मग कपाळ.

तिथे ते अडलं. कुणी हललं नाही. बेवचा हात वॉरिकच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

"डोळ्यांपर्यंत आली," ती हळूच म्हणाली.

ते तिघं बाकीच्याची वाट बघत राहिले.